मुलीच्या प्रगतीचे सहा शब्द

अमरावतीच्या एका दैनिकात मी आठ वर्षं उपसंपादक होतो. तिथे पहिल्याच आठवड्यात शिकवलेला नियम असा: एका बातमीत एकच शब्द दोनदा आला, तर दुसरा खोडायचा आणि प्रतिशब्द घालायचा. ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला बायकोच्या नोकरीमुळे आम्ही कॅलिफोर्नियात, फ्रीमाँटला आलो. मी एका कंपनीत यंत्रांच्या माहितीपुस्तिका लिहू लागलो. तिथला नियम उलटा होता. एखाद्या भागाला पहिल्या पानावर जे नाव, तेच शेवटच्या पानापर्यंत. नाव बदललं, की वाचणारा चुकीचा स्क्रू फिरवतो. ऑफिसात मला हा नियम लगेच जमला. घरच्या पत्रांत मी जुनाच पाळत राहिलो.

मुलगी तिथेच जन्मली. साडेतीन वर्षांची झाली तरी ती एकही शब्द बोलत नव्हती. कानांची तपासणी झाली, कान चांगले होते. ती बहुधा कधीच बोलणार नाही, असं डॉक्टरीणबाईंनी सांगितलं आणि टिश्यूचा खोका आमच्याकडे सरकवला. आम्ही दोघांनीही त्यातला कागद घेतला नाही.

माझे वडील शाळेत मराठी शिकवून निवृत्त झाले होते आणि अमरावतीला थोरल्या भावाकडे राहत होते. दर महिन्याला त्यांचं पत्र यायचं. शेवटची ओळ ठरलेली: ‘नात काय काय बोलते, ते कळव.’ मी खरं कळवलं नाही. त्यांचं हृदय कमजोर आहे, हे कारण मी स्वतःला दिलं होतं. पहिल्या महिन्यात लिहिलं, तिची प्रगती चांगली आहे. दुसऱ्या महिन्यात वाढ व्यवस्थित होती. मग सुधारणा, मग विकास. पाचव्या पत्रात ती हळूहळू उमलत होती. सहाव्या पत्रात आधी उत्क्रांती हा शब्द सुचला होता. एका पोरीला तो फार मोठा होईल, म्हणून खोडला आणि जडणघडण लिहिलं.

त्या पत्राच्या उत्तरात वडिलांनी कॅसेट मागितली. फोन महाग आणि बेभरवशाचा, त्यामुळे देशात जाणाऱ्या कुणाबरोबर कॅसेट पाठवायची तेव्हा पद्धत होती. त्यांनी लिहिलं होतं, ‘नुसतं आजोबा म्हटलं तरी पुरे.’

रविवारी सकाळी बायकोनं मुलीला मांडीवर घेतलं. मी बटण दाबलं.

“म्हण राणी, आ-जो-बा.”

मुलगी कॅसेटची फिरणारी चक्रं पाहत राहिली. मग तिनं माइक ओढून ओठांना लावला आणि तसाच धरून ठेवला. अर्धा तास टेप चालू होता.

दुपारी पलीकडच्या टाउनहाउसमधल्या काकू आल्या. मंगळवारी त्या देशात निघाल्या होत्या.

“काय हो पत्रकार, कुठंय कॅसेट? बॅगेत एक कोपरा ठेवलाय तुमच्यासाठी. येताना त्याच कोपऱ्यात तुमच्या वहिनींचं मेतकूट आणते.”

“टेपरेकॉर्डर बिघडलाय, काकू.”

“मग आमचा न्या की! पाच मिनिटांत रेकॉर्ड करून होईल. पोरीला म्हणावं, आजोबा म्हण. झालं!”

“पुढच्या वेळी बघू.”

“पुढची वेळ दोन वर्षांनी हो,” काकू हसून म्हणाल्या. स्वयंपाकघरात बायकोनं नळ पूर्ण सोडला.

वडिलांच्या पुढच्या पत्रात शेवटची ओळ नव्हती. त्यापुढच्या पत्रातही नव्हती. मला सुटल्यासारखं वाटलं. ती ओळ का गेली, हे मी विचारलं नाही. बातमीत असं काही गळलं असतं, तर मी त्याच दिवशी विचारलं असतं.

तीन महिन्यांनी भावाचा फोन आला. मी पोचलो तेव्हा वडिलांना जाऊन तीन दिवस झाले होते.

भावानं माझी ती पत्रं माझ्या हातात दिली. सहा निळी हवाईपत्रं. प्रत्येकात एकेका शब्दाखाली लाल पेन्सिलीची रेघ होती, वह्या तपासताना ते मारायचे तशी. सहाव्या पत्राच्या कडेला सहाही शब्द एकाखाली एक लिहिले होते, आणि खाली: ‘शब्द सगळे बरोबर. त्यात मूल कुठे दिसत नाही. पोर बोलत नसावी. त्याला आता विचारू नये, सांगणं जड जाईल.’

“बाबांना कळलं होतं रे,” भाऊ म्हणाला. “मी म्हटलं, फोन लावू का? तर म्हणाले, नको. कॅसेटची मात्र वाट पाहत होते.”

“केली होती कॅसेट, दादा. तिच्यात काहीच नव्हतं.”

“काहीच नाही?”

“तिचा श्वास होता नुसता.”

 भाऊ म्हणाला, “मग तोच पाठवायचास ना.”

परत आल्यावर मी भावाला दर महिन्याला पत्र लिहू लागलो. मुलीला शाळेची पिवळी बस आवडते, दूध थंड लागतं, पाण्याचा पाइप दिसला की ती हसते, असं काहीबाही त्यात असे. शेवटची ओळ मात्र दर महिन्याला तीच, एकही अक्षर न बदलता: ती बोलत नाही.