नजीर पिंजाऱ्याची तात

पारोळ्यात चाळिशीतल्या कुणालाही विचारा, तुमच्या लग्नातली गादी कुणी भरली? दहातले सात नजीर पिंजाऱ्याचं नाव घेतील. उरलेले तीन त्याच्या बापाचं घेतील, कारण गादी भरताना बाप ओट्यावर बसून हुकूम सोडत असे. नूरबीचं नाव मात्र एकही घेणार नाही. वास्तविक जुनी गादी उसवायची, घट्ट बसलेला कापूस बोटांनी सुटा करायचा, त्यातला काडी-कचरा वेचायचा, हे सगळं नूरबीचं. मग नजीर कमान धरायचा. पुरुषभर लांब लाकडी कमान, तिच्यावर ताणलेली आतड्याची तात, आणि तातीवर मारायला हातात लाकडी दस्ता. तात कापसात थरथरली की कापूस फुलून वर यायचा. तो फुललेला कापूस खोळीत भरून दोरे घालायचे, तेही पुन्हा नूरबीनेच. गादी दोघांची, नाव एकट्याचं. जगात हे असंच चालतं आणि नूरबीनेही कधी तक्रार केली नाही.

तक्रार तिची एकच होती. लोकांच्या गाद्या भरता भरता घरची गादी आठ वर्षं पिंजायची राहिली होती. दिवाळी आली की नजीर म्हणायचा ईदला करू, ईद आली की म्हणायचा लग्नसराई उरकू दे. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा.

मग फोमच्या गाद्या आल्या आणि लग्नसराईच उरकली. कमान भिंतीला लागली. तालुक्यात आणखी दोघं पिंजारी होते, त्यांनी आपल्या कमानी चुलीत घातल्या. नजीरने घातली नाही. आठवड्यातून एकदा तो ती उतरवायचा, तातीला तेलाचं बोट लावायचा आणि परत टांगायचा. नूरबी म्हणायची, हिची एवढी सेवा करता, त्यात आपली गादी झाली असती. नजीर हसायचा. माणसाला हसून वेळ मारून नेता येते तोवर तो नेतोच.

एकदा जावयाने, अतिकने, सासऱ्याला कापूस पिंजताना मोबाइलवर टिपलं. ते चित्र फिरत फिरत कुठल्याशा एजंटापर्यंत गेलं. आखातात एका शहरात समुद्राला लागून अरबांनी आपल्या कलांची आणि जुन्या रीतींची एक आख्खी वस्ती उभारली होती. तिथे हिवाळाभर उत्सव चालायचा आणि त्यांना कापूस पिंजणारा हवा होता. अरबांतही पूर्वी पिंजारी होते म्हणे, अशीच कमान, अशीच तात. पण त्यांचा शेवटचा म्हातारा मरून बरीच वर्षं झाली होती. नोव्हेंबर ते मार्च, पाच महिने. नूरबीला तेव्हा कंबरदुखी होती, पण कंबर कुणाची दुखत नाही? तिने स्वतः कमान धडुत्यात गुंडाळून बांधून दिली.

वस्ती पाहून नजीर पहिल्या दिवशी हरखून गेला, खोटं कशाला सांगा. दगडी पायऱ्यांचं भलंमोठं उघडं नाट्यगृह, समोर निळं पाणी, पाण्यात लाकडी गलबतं. कबुतरांसाठी बांधलेले मातीच्या रंगाचे उंच बुरूज. एका दालनात सुंदर अक्षरं काढणारे बसलेले, दुसऱ्यात वाद्यं, किनाऱ्यावर मोती काढणाऱ्यांची जुनी गाणी. नजीरला पांढरा पायघोळ झगा आणि डोक्याला फडकं दिलं. बजावलं एवढंच की बोलायचं नाही. लोकांना तो त्यांचा आजा वाटला पाहिजे. बोलला असता तर आजा पारोळ्याचा निघाला असता.

एक म्हातारा अरब काठी टेकत रोज यायचा, समोरच्या बाकावर बसून डोळे मिटून तातीचा आवाज ऐकायचा. एकदा त्याने फुललेला कापूस हातात घेतला, गालाला लावला आणि रडला. आई, असं काहीतरी म्हणाला. नजीरलाही भरून आलं. समुद्र ओलांडला तरी गादी ही आईचीच, असं त्याने त्या दिवशी फोनवर नूरबीला सांगितलं.

पण महिनाभराने त्याच्या लक्षात आलं की कापूस तोच आहे. पाच किलो. दिवसभर तो पिंजायचा आणि बंद करायच्या वेळी माणसं येऊन तो फळीखाली दाबून ठेवायची, म्हणजे उद्या पुन्हा पिंजता येईल. ध्वनियंत्रणेवर तेजस नावाचा दीपनगरचा इंजिनिअर होता, तिथे मराठी कळणारा तेवढा एकच. नजीरने त्याला विचारलं, गादी कधी भरायची? तेजस म्हणाला, चाचा, गादी नाहीये, लोकांना फक्त पिंजणं बघायचंय. पन्नास वर्षांत त्याने वाया पिंजलेला कापूस पाहिला नव्हता.

जानेवारीत नूरबीची कंबर म्हणजे नुसती कंबर नाही, हे कळलं. धुळ्याच्या डॉक्टरांनी फोटो काढले आणि हाडात पसरलंय म्हणाले. फेब्रुवारीत घरी न्या म्हणाले. मुलगी नाजमीन सासरहून येऊन आईजवळ राहिली. नूरबी दिवसरात्र त्याच आठ वर्षांच्या गादीवर पडलेली, कापसाचे गोळे झालेले, एकेक गोळा लिंबाएवढा. पाठीला जखमा झाल्या. अतिकने फोम आणला तर त्यावर तिचं अंग तापायचं, घामाने जखमा चिघळायच्या. यंत्रावर पिंजून आणावी तर यंत्रवाला आजाऱ्याची गादी घेईना, बाकीच्यांचा कापूस नासतो म्हणे. आणि हाताने पिंजायचं तर तालुक्यातली एकुलती एक कमान समुद्राकाठी पाहुण्यांची करमणूक करत होती.

फोनवर नूरबी फार बोलली नाही. म्हणाली, “मनी पाठले गाठी टोचतस. एक डाव या, आनि गादी पिंजी द्या.”

नजीर तेजसला घेऊन मोठ्या साहेबाकडे गेला. साहेब माणूस वाईट नव्हता. त्याने खजूर पुढे केले, ऐकून घेतलं, नियमांचं पुस्तक उघडलं. उत्सव संपेपर्यंत सुट्टी नाही, आणि आल्या दिवशी जमा करून घेतलेलं पारपत्रही नाही. आजारपणाला नाही. मृत्यू झाला तर पाच दिवस, बायकोचा असेल तर लगेच.

तेजसला हे मराठीत सांगवेना. नजीरने त्याच्या तोंडाकडे पाहूनच ओळखलं. तो एवढंच म्हणाला, “म्हनजे ती मरी तर जावा देतीन.”

पुढचे आठ दिवस त्याने तो पाच किलो कापूस कसा पिंजला त्याचं त्याला माहीत. ज्याचं जळतं त्यालाच कळतं. समोर पोरंटोरं फोटो काढायची, म्हातारा डोळे मिटून बसायचा, आणि नजीरला प्रत्येक ठोक्याला वाटायचं की हा कापूस तिच्या पाठीखालचा असायला हवा होता. कपाळ आपटून घ्यावं असं वाटायचं. झग्यात कपाळ आपटणारा आजा कुणाला चालला नसता.

मग त्याने बेत केला. त्याच्या हिशेबात तो अगदी बिनचूक होता. तातीवाचून कमान नाही, कमानीवाचून पिंजारी नाही, आणि बिनकामाच्या पिंजाऱ्याला कोण पोसतं? नाक दाबलं की तोंड उघडतं. त्याच्याकडे तीन ताती होत्या, एक कमानीवर आणि दोन पेटीत. एक लपवून ठेवावी असं मनात आलं, पण पेटी तपासली आणि सापडली तर सगळंच फसेल. घरी पोचलो की तात काय, धुळ्याला कुणीतरी वळून देईलच. एका सकाळी, माणसं यायच्या आधी, त्याने तिन्ही ताती चाकूने कापल्या. पहिली तुटताना कमान केवढ्याने तरी झटकली. बापाने दिलेली तात होती ती. तरी नजीरचा हात थांबला नाही.

साहेबाला त्याने तुकडे दाखवले. खाऱ्या हवेने तुटल्या म्हणाला. तेजसने भाषांतर केलं, खोटं आहे हे कळूनही नीट केलं. आता नजीर वाट पाहू लागला, पारपत्र परत कधी मिळतं त्याची.

साहेब हसला, त्याच्या पाठीवर थोपटलं आणि काळजी करू नको म्हणाला. पहिल्याच आठवड्यात तेजसने नजीरच्या पिंजण्याचा आवाज टिपून ठेवला होता, तो भोंग्यावर लावता येईल. कमानीला नायलॉनची दोरी बांधा, हात हलवत राहा, झालं.

करायला गेला गणपती आणि झाला मारुती. पिंजाऱ्याच्या डोक्यात हे शिरणार तरी कसं? त्याला पन्नास वर्षं वाटत आलं होतं की आवाज म्हणजेच काम. कापूस न फुलता आवाज येऊ शकतो, हे त्याला त्या दिवशी कळलं. तो मुक्या दोरीवर दस्ता मारत बसायचा, कापूस तसाच दगडासारखा पडलेला असायचा, आणि वरून त्याचाच आवाज मोठ्याने घुमायचा. पाहुण्यांना काही फरक पडला नाही. काठीवाल्या म्हाताऱ्याला पडला. तो दोन दिवस येऊन बसला, तिसऱ्या दिवशी उठून गेला तो परत आला नाही.

अकराव्या दिवशी तेजस धावत आला. आवाज भोंग्यातून येतोच आहे तर हात हलवायला तिथलाच एखादा नाटकातला पोरगा बसवू, असं त्यानेच साहेबाच्या गळी उतरवलं होतं. नजीरला जाता येणार होतं. दुसऱ्या दिवशीचं विमान. कमान मात्र त्या पोराला लागणार होती, कागदावर ती वस्तीच्या सामानात मांडलेली. नजीरने न वाचता अंगठा दिला. सही येत होती तरी अंगठा दिला, इतकी घाई होती.

मार्च अर्धा सरला होता, पारोळ्यात ऊन असं की दुपारी कुत्रंही रस्त्यावर नाही. नूरबी जिवंत होती. दारातून आत आला तेव्हा त्याने आधी तेवढंच पाहिलं आणि उंबऱ्यावरच खाली बसला. ती वाळून पोरीएवढी झाली होती. डोळे मात्र त्याच्या खांद्यामागे काहीतरी शोधत होते.

“कमान कोठे शे?” तिने विचारलं.

नजीरने सगळं सांगितलं. दुसऱ्या कुणाला खोटं सांगून चाललं असतं, पिंजाऱ्याच्या बायकोला तातीबद्दल खोटं कसं सांगणार? तिन्ही कापल्या हे ऐकून नूरबीने डोळे मिटले. नाजमीनला वाटलं दमली. पण ती रागावली होती, मरायला टेकलेलं माणूस रागावू शकतं तितकी.

“तिन्ही ताती कापी टाक्यात तुम्ही,” ती म्हणाली. “आते मी कशावर निजू?”

त्याच दुपारी तो धुळ्याला गेला. तात वळणारा म्हातारा दोन वर्षांपूर्वीच गेला होता, आणि त्याची मुलं मोबाइलची कव्हरं विकत होती. अतिकने बांबूला सायकलची तार ताणून दिली. दोन ठोक्यांत तारेने उशीतला मूठभर कापूस तोडून चिंध्या केल्या, तिसऱ्या ठोक्याला बांबू मोडला. नजीरने तो उचलून अंगणात फेकला.

मग नूरबीला दोघांनी उचलून फोमवर ठेवलं आणि नजीरने गादी उसवली. तिच्या उशाशी मांडी घालून बसला आणि गोळे बोटांनी सोडवू लागला. हे काम त्याने जन्मात कधी केलं नव्हतं, हे तिचं काम. एका लिंबाएवढ्या गोळ्याला पाऊण तास लागत होता. नखांतून रक्त यायला लागलं तेव्हा नाजमीन म्हणाली, अब्बा, मी करते. त्याने तिला हात लावू दिला नाही. नूरबी पडल्या पडल्या बघत होती. एकदा म्हणाली की असं ओढायचं नाही, चिमटीत धरून दोन्हीकडे सोडायचं. तो तसं करू लागला. राग गेला की नाही ते तिने सांगितलं नाही.

तीन दिवसांत अर्धी गादी मोकळी झाली. चौथ्या दिवशी सकाळी नाजमीन चहा घेऊन आली तेव्हा नजीर वाकून कापूस वेचत होता आणि नूरबी गेलेली होती, फोमवर, घामाने भिजलेली. त्याला कळलं नव्हतं. तो तिला सांगत होता की आज उशीकडची बाजू होईल.

उन्हाळ्यात वेळ घालवत नाहीत. दुपारच्या नमाजनंतर जनाजा कब्रस्तानात आला. खड्डा तयार होता, पण खानदेशची काळी माती मार्चमध्ये दगड होते, तळाशी ढेकळंच ढेकळं. मुठीएवढी, लिंबाएवढी. खांदा दिलेले लोक ताटकळत उभे होते. नजीर खड्ड्यात उतरला, गुडघ्यांवर बसला आणि एकेक ढेकूळ बोटांनी फोडू लागला. फोडायचा, चाळून पसरायचा, तळवा फिरवून बघायचा, कुठे टोचतंय का.

मौलवी म्हणाले, नजीरभाई, बास, मातीच आहे ती. अतिकने वरून हात पुढे केला. नजीरने तो धरला नाही. डोक्याकडची बाजू झाली होती. पाठीकडची राहिली होती.