अक्काला विचारायचं राहिलं ते

आमच्या घरात पदवी घेतलेली पहिली मी, आणि ते मी कुणाला विसरू देत नसे. आमच्या मन्नाएखेळ्ळी गावात दवाखान्याचा कागद वाचायचा असला की लोक माझ्याकडेच येत. म्हणून थोरल्या बहिणीची, अक्काची, पिशवी काढली आणि तिच्याबरोबर बीजकोशही गेले, तेव्हा गुलबर्ग्याला तिच्यासोबत मीच. चाळिशीतच तिची पाळी कायमची गेली. अंगातून वाफा निघत, झोप लागत नसे.

ते दाखवायला पुन्हा गेलो, तेव्हा डॉक्टरीणबाईंनी अक्काला बाहेर बसवलं आणि मला इंग्रजीत समजावलं. मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. गोळ्यांनी वाफा थांबतील, म्हणाल्या. पण काही बायकांची नवऱ्याजवळ जायची इच्छाच मरते. तसं असेल तर पुरुषी हार्मोनची थोडी मात्रा जोडून इंजेक्शन देता येतं. सगळ्यांना लागू पडतंच असं नाही. "मला ती लाजून सांगणार नाही. तू बहीण आहेस, विचारून ये."

बाहेर अक्का चपला काढून बाकावर बसली होती. मला शाळेत घालायला स्वतः तुरीच्या रानात राबलेली, आईच्या जागची. तिला हे कोणत्या तोंडानं विचारू? पाणी पिलीस का, एवढंच विचारलं. आत येऊन सांगितलं, तसं काही नाही.

वाफा थांबल्या.

अक्काचं सासर गावातच. दाजी हायवेवर पंक्चर काढायचे. संध्याकाळी हात धुऊन एकच विडा लावायचे, अर्धा दातानं तोडून अक्काला. दुसरं पान मिळत नाही का दाजी, म्हणून मी चिडवायची. त्या वर्षापासून अक्का म्हणायला लागली, तोंड आलंय, नको. पुढं दाजींनी विडाच सोडला. मला दिसत होतं. मी चिडवणं सोडलं.

दाजी गेले त्याच्या महिन्याभरानं अक्का माझ्या दारात तूर निवडत बसली होती. सुपावरून मान न उचलता म्हणाली, "शेवटी त्येंनी मला इचारलं, माझं काय चुकलं गं? त्येंचं कायबी चुकलं न्हवतं. मलाच आतून काही वाटत न्हवतं." मग म्हणाली, "तू शिकलेली हाईस. ह्याला औषध असतंय का गं?"

"न्हाई," मी म्हणाले.

"व्हय का. मग बरं हाय. मला वाटायचं, मीच कमी पडले."

आणि ती पुन्हा खडे वेचू लागली.