रुपरावांची तार आणि अंजनाबाईंची झोप

अंजनाबाईंनी रुपरावांना पहिल्यांदा नीट पाहिलं ते लग्नानंतर काही दिवसांनी. गिरणीची पाळी संपवून आलेले रुपराव अंगणात मांडी घालून बसले होते. शेजाऱ्याच्या रेडिओची पाठ उघडून आतल्या धुळीवर फुंकर मारत होते. जेवायला हाक मारली तर म्हणाले, "याले बोलू दे पहिले." हा माणूस कोणालाच नाही म्हणणार नाही, हे त्यांना तेव्हाच कळलं.

अठ्ठ्याहत्तर साली रुपरावांनी सीताबर्डीच्या बाजारातून जुना टेपरेकॉर्डर आणला. गायन मंडळांची भीमगीतं ते स्वतः टेपवर भरून आणत. मग काय, दुपार कलली की इंदोरा वस्तीतली त्यांची सगळी गल्ली त्यांच्या दोन खोल्यांत येऊन बसायची. अंजनाबाई दवाखान्यात आया होत्या. रातपाळीला जाण्याआधी पाठ टेकायला भिंतसुद्धा मोकळी मिळत नसे.

"मले झोप पाहिजे," त्या एकदा म्हणाल्या. दुसरं काही त्यांनी कधी मागितलं नव्हतं.

रुपरावांनी उपाय काढला. लोकांनी घरात येण्यापेक्षा गाणंच लोकांच्या घरी पाठवायचं. बांबूंवरून त्यांनी घरोघर तार नेली आणि प्रत्येकाला लाकडी खोक्यात बसवलेला एक स्पीकर दिला. कोणाला विजेचा झटका बसू नये म्हणून मध्ये ट्रान्सफॉर्मर घातला, आणि तारेची टोकं आधी स्वतःच्या हातात धरून पाहिली. खोक्याला बटण ठेवलं नाही; चालू-बंद सगळं रुपरावांच्या घरच्या मशीनवर. "आयका, पण मशीनले हात लावू नका," एवढाच नियम.

घर मोकळं झालं. अंजनाबाई झोपू लागल्या.

मग गल्लीतले नत्थूजी एका मयतीची वेळ सांगायची म्हणून आले. रुपरावांनी मशीनला माइक जोडून दिला. त्यानंतर हरवलेली शेळी, लहान पोरांची लस, नळाला आलेलं पाणी, सगळं सांगायला लोक आत येऊ लागले. दार पुन्हा उघडंच राहू लागलं.

एका दुपारी कोणाच्या तरी नातवाच्या नामकरणाचं आमंत्रण सांगून झालं, माणसं गेली, आणि माइक बंद करायचं रुपराव विसरले. अंजनाबाई अंथरुणावर बसून रुपरावांशी बोलत राहिल्या. आवाजात रागही नव्हता.

"काहून आणलं हे घरात? घर हाय का मोटारस्टँड? त्या सिंधूताई त चपला घालून माह्या अंथरुणावरून जातेत. उद्या मी मेली, तरी सांगायले लोक इथंच येतीन."

थोड्या वेळाने शेजारच्या सिंधूताई दारात उभ्या होत्या. चपला हातात.

"अंजना, मशीन चालू हाय वं तुह्यं. साऱ्या गल्लीनं आयकलं."

अंजनाबाईंनी पदर तोंडावर घेतला.

"चपलेचं खरं हाय," सिंधूताई म्हणाल्या. "पण अंथरुणावरून नाई हो. कडेकडेनं."

सिंधूताई गेल्या. त्या दिवशी मग कोणीच आलं नाही, आणि तरीही अंजनाबाईंना झोप लागली नाही. उद्या नळावर तोंड कसं दाखवायचं, हेच डोक्यात.

दुसऱ्या दिवशी रुपरावांनी मशीन, माइक सगळं उचलून कोपऱ्यावरच्या बुद्धविहाराच्या पडवीत नेलं. जाळीच्या कपाटात ठेवून कुलूप लावलं. घराकडे येणारी तार बांबूपासूनच कापली.

"आता इथलं बाहेर काई जात नाई," ते म्हणाले. मग कापलेली तार गुंडाळत, "गल्लीले काई वाईट नाई वाटलं. सिंधूताईच म्हणे, तिले झोपू द्या."

"मंग तुमीबी जा तिकडं," अंजनाबाई म्हणाल्या.

गिरणीतली नोकरी सुटल्यापासून रुपराव दिवसभर विहारातच असतात. अंजनाबाईंची रातपाळी अजून चालू आहे. दुपारी त्या आतून कडी लावतात आणि झोपतात.