तक्त्यात शून्य, आत पिशवी चिकटलेली

मंडळी, डोकं पार भणाणलंय, म्हणून इथं लिहितेय. मी शेवगावात सर्जन आहे.

आज ऊसतोडीला जाणाऱ्या एका मावशींची पित्ताची पिशवी दुर्बिणीने काढायची होती. ऑपरेशन किती अवघड जाईल, याचा अंदाज बांधायला आमच्याकडे एक तक्ता असतो. वय, वजन, सोनोग्राफी, सगळं ठीक होतं. शेवटचा प्रश्न विचारला, "मावशी, या दुखण्यासाठी आधी कधी ॲडमिट झाला होतात?"

"न्हाई बाई."

मी त्या रकान्यात शून्य लिहिलं, म्हणजे ऑपरेशन सोपं जाणार असा अंदाज, आणि त्यांच्या मुलीला सांगितलं, तासाभरात होईल.

तीन तास लागले. वारंवार सूज येऊन गेल्यासारखी पिशवी आजूबाजूला इतकी चिकटली होती, की आता पोट उघडावं लागतंय असं दोनदा वाटलं. शेवटी दुर्बिणीनेच निभावलं.

संध्याकाळी मावशी बोलायला लागल्यावर विचारलं, "असं याआधी कधी दुखलं होतं का हो?"

"लई येळा. पोटाला फडकं आवळायचं आन् मोळ्या बांधत ऱ्हायाचं."

"मग सकाळी नाही का म्हणालात?"

"तुमी ॲडमिट झालता का इचारलं. उसाच्या फडातून कोन दवाखान्यात जाऊ देतंय? चुकलं का माजं?"

त्यांचं काहीच चुकलं नाही. प्रश्नही पुस्तकातलाच होता. मग चुकलं कुठं, तेच मला कळेना.

उद्या त्यांच्याच टोळीतल्या एका बाईंचं हेच ऑपरेशन आहे. त्यांच्या तक्त्यातही मी परवा शून्य लिहिलंय. सकाळी त्यांना नेमकं काय विचारू?