बिनदाराचं घर

क्लेमेंट माझा सख्खा धाकटा भाऊ. अख्ख्या गास गावात त्याच्यासारखा कारागीर सापडायचा नाही, आणि त्याला घडवला मी. मी चौथी शिकलो, पण त्याला आयटीआयला घातला. एकोणऐंशी साली त्यानं गवंडी न लावता, कारखान्यातली नोकरी सांभाळून, एकट्याच्या हातानं घर बांधलं. फक्त दार ठेवलं नाही.

त्याला कारण होतं. जागा आमच्याच वाडीतली, माझ्या घराला लागून. आम्हा तुस्कानो घराण्यात धाकट्याचं दार थोरल्याच्या ओट्याकडे असतं. तसं मी त्याला सांगितलं. त्याचे सासरे फर्डिनंड नंदाखालचे. त्यांनी लेकीसाठी सागवानी चौकट दिली आणि बजावलं, ही रस्त्याच्या अंगाला बसली पाहिजे, जाणाऱ्या-येणाऱ्याला दिसली पाहिजे. क्लेमेंटनं उभ्या जन्मात मोठ्यांना उलट उत्तर दिलेलं नाही. तो मला हो म्हणाला. त्यांनाही हो म्हणाला. आणि विटा रचायला लागला.

आज समेट होईल, उद्या होईल, दार काय मागाहूनही फोडता येतं, असं म्हणत त्यानं चारी भिंती चढवल्या. तो राहायचाही तिथंच. खाट आधी मांडलेली होती, भिंती तिच्याभोवती आल्या. खिडक्यांना चोरांच्या भीतीनं आधीच गज बसवले होते. भिंत छातीएवढी होती तोवर तो उडी मारून आत जायचा, पुढे शिडी लावून. कौलं चढली तेव्हा कोपऱ्यातली सहा कौलं सुटी ठेवली आणि तिथून वर-खाली करू लागला. सकाळी इस्त्रीचा शर्ट घालून कौलांतून बाहेर यायचा, डबा दोरीनं खाली सोडायचा आणि कामावर जायचा. पोस्टमन गजातून पत्र द्यायचा. लोक हसायचे. हसू देत. अख्ख्या घरात एक रेषा वाकडी दाखवा म्हणावं.

पण त्याची बायको मटिल्डा बाळंतपणाला माहेरी गेली होती, ती आलीच नाही. पोर झाली, लुसी नाव ठेवलं, लुसी पाच महिन्यांची झाली. क्लेमेंट दर रविवारी चर्चमधल्या मिस्सानंतर नंदाखालला जायचा, तासभर पोरीला मांडीवर घ्यायचा, आणि परत येऊन कौलांतून आत उतरायचा. मटिल्डानं त्याला एकदाच सांगितलं होतं.

"दार झालं की निरोप पाठव. मी काय चोर आहे, कौलांतून उतरायला?"

शेवटी त्यानं डोकं लढवलं. घराच्या आशीर्वादाला फादर ॲन्सेल्मना बोलावलं. दादा आणि सासरे एकमेकांचं ऐकत नाहीत, पण फादर जिकडे बोट दाखवतील तिकडे दोघं गप्प बसतील, असा त्याचा हिशोब. मटिल्डालाही निरोप गेला, रविवारी ये.

रविवारी सगळे जमले. मी माझ्या बाजूच्या भिंतीवर कोळशानं दार आखून ठेवलं होतं. फर्डिनंडनी रस्त्याच्या बाजूला खडूनं आखलं. फादर पवित्र पाण्याचं भांडं घेऊन घराभोवती एक फेरी मारून आले. मग दुसरी मारली. क्लेमेंट वर कौलांत उभा राहून त्यांच्या तोंडाकडे बघत होता.

"क्लेमेंट, आत कुठून यायचं?"

"तुम्हीच सांगा, फादर. नाहीतर शिडी लावलीय."

फादरनी शिडीकडे बघितलं, आपल्या झग्याकडे बघितलं, माझ्याकडे आणि फर्डिनंडकडे बघितलं. मग खिडकीपाशी जाऊन गजातून आत पाणी शिंपडलं, प्रार्थना म्हटली आणि म्हणाले, घर आशीर्वादित झालं, माणसांनी आत कसं शिरायचं ते माणसांनी ठरवावं. क्लेमेंटचा चेहरा पडला. वरून त्याला दिसलं, मटिल्डा लुसीला खांद्यावर टाकून उभी आहे आणि परत जायची पिशवी अजून हातातच आहे.

ती सरळ माझ्याकडे आली. लुसीला माझ्या हातात दिली, पिशवी बापाच्या हातात दिली. भिंतीला टेकवलेली पहार उचलली आणि घरामागे गेली, विहिरीच्या बाजूला. ती बाजू कुणी मोजलीच नव्हती. मी म्हणालो, मटिल्डा, तिकडे नको. फर्डिनंडही तेच म्हणाले. आमचं दोघांचं आयुष्यात पहिल्यांदाच जमलं.

"पाणी मी भरणार, दादा," ती म्हणाली. "दार कुठं ते मीच सांगते."

आणि तिनं पहार मारली. क्लेमेंट कौलांतून धपकन आत उतरला. हातोडा घेऊन, तिचा ठोका जिथं ऐकू येईल तिथं आतून मारू लागला. माझ्या भावाची भिंत, ती काय अशी पडते? घटका गेली. मग एक वीट सुटली आणि त्या भोकातून त्याला तिचे धुळीनं भरलेले डोळे दिसले. आम्हाला फक्त त्याचा आवाज ऐकू आला. तो म्हणत होता, "जरा बाजूला हो, पायावर पडेल."

तिच्या उंचीएवढं भोक पडलं, तेवढ्यावर तिनं पहार खाली ठेवली. लुसीला माझ्याकडून घेतली आणि आत गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी लुसीसाठी दूध घेऊन गेलो. तिथं फर्डिनंड आधीच हजर, हातगाडीवर साडेसहा फुटी चौकट घेऊन. आतून मटिल्डा म्हणाली, चौकटीचं नंतर, आधी चहा घ्या. भोक चांगलंच बुटकं. मी आजवर कुणापुढं मान वाकवलेली नाही, आणि फर्डिनंडनीही नाही. आम्ही दोघं थोडा वेळ उभे राहिलो. मग घर माझ्या भावाचं आणि थोरला मी, म्हणून पहिला मी वाकलो.