माइकवर बोललेला आकडा

खाडीकडून वारा सुटला की कांजूरमार्गच्या त्या वस्तीत बुद्धविहाराच्या अभ्यासिकेच्या खिडक्या लावून घ्याव्या लागतात. कचऱ्याचा डोंगर तिथून दिसत नाही, पण त्याचा वास न विचारता आत येऊन बसतो. खिडक्या लावल्या की डोक्यावरचा पत्रा खोलीची भट्टी करतो. पोरांनी वास निवडायचा की उकाडा, एवढंच उरतं. सीतारामची नात चेतना उकाडा निवडायची. तिचं बारावीचं वर्ष होतं आणि घर एका खोलीचं. त्या खोलीत पाच माणसं आणि एक टीव्ही.

सीताराम विहार समितीचा खजिनदार. त्याआधी आयुष्यभर बसवर कंडक्टर. सुट्टे नसले की तो तिकिटाच्या मागे बाकी लिहून द्यायचा आणि म्हणायचा, उतरताना घ्या. एखादा विसरून उतरलाच तर घंटी न मारता बस थांबवून ठेवायचा आणि त्याला हाक मारून बोलवायचा. ड्रायव्हर शिव्या घालायचे. निवृत्तीनंतर मिरवण्यासारखं त्याच्यापाशी काही नव्हतं, फक्त त्याच्या हातून आलेले पैसे वस्तीत कुणी मोजून घेत नसे. ही एकच मिळकत त्यानं जपली होती.

विहारात एक रीत होती. रविवारी वंदना झाली की ज्यानं दान दिलं त्याचं नाव आणि रक्कम सीताराम माइकवर वाचायचा. शंभर रुपयेही त्याच आवाजात आणि पाच हजारही त्याच आवाजात. एकदा माइकवर आलेला आकडा वस्तीचा व्हायचा. तो बदलत नसे.

धम्मचक्र प्रवर्तन दिनाला मिथुन आला. हा सीतारामच्या वारलेल्या भावाचा मुलगा, याच गल्लीत वाढलेला. आता अंधेरीला भाड्याच्या फ्लॅटमध्ये राहून परदेशातल्या एका कंपनीचं काम करतो. पगारातला काही भाग त्याला बिटकॉइनमध्ये मिळतो.

“काका, अभ्यासिकेसाठी दीड लाखाचं दान देतोय. पण रुपयांत नाही.”

“मग कशात देतोस? तांदळात?”

मिथुन हसला. त्यानं काकाच्या फोनवर ॲप टाकलं, पॅन कार्डाचा फोटो काढला, चेहरा कॅमेऱ्यासमोर धरायला लावला. दुपारपर्यंत ते कॉइन फोनवर आले. म्हणजे एक आकडा आला. खाली रुपयांतली किंमत दिसत होती, एक लाख एक्कावन्न हजार आणि काही.

“रुपये दिले असते तर संपला विषय. हे वाढेल. घाई करून विकू नका.” मग आवाज उतरवून तो म्हणाला, “बाबांना बँकेनं किती वेळा परत पाठवलं होतं, आठवतं ना? एकदा पत्त्याचा पुरावा नाही, एकदा साहेब जागेवर नाहीत. या पैशाला साहेबच नाही, काका. कुणाची परवानगी लागत नाही.”

सीतारामला भाऊ आठवला. बँकेबाहेरच्या पायरीवर, हातात प्लास्टिकची पिशवी, पिशवीत कागद. साहेब नसलेला पैसा ही कल्पना त्याला आवडली. आपल्या माणसांनी फार साहेब पाहिले, असं त्याच्या मनात आलं. त्या भरात त्यानं संध्याकाळी माइक हातात घेतला आणि वाचलं, “मिथुनकडून अभ्यासिकेला दीड लाख रुपये.”

टाळ्या झाल्या. कमलनं मात्र विचारलं, “दादा, रुपये आले का?” कमलचं गल्लीच्या तोंडाशी शिवणकामाचं दुकान, समितीतली एकमेव बाई, आणि गप्प बसणं तिला जमत नाही.

“आलेच समज.”

आयुष्यात पहिल्यांदा त्यानं हातात न आलेला पैसा वाचून दाखवला होता.

दोन दिवसांनी पत्र्याची कामं घेणारा घाटकोपरचा धवलभाई माप घ्यायला आला. जुना पत्रा काढून उष्णता अडवणारा नवा पत्रा, वास बाहेर फेकणारे दोन पंखे, पत्र्याखाली आतून आणखी एक छत. एक लाख चाळीस हजार सांगितले. मिथुनच्या सांगण्यावरून सीतारामनं विचारून पाहिलं, “धवलभाई, हेच कॉइन घेता का? थेट तुमच्या फोनवर पाठवतो.”

धवलभाई नव्याला नाही म्हणणारा माणूस नव्हता. त्यानं चष्मा लावून फोन बघितला. तेवढ्यात चहा आला. चहा पिऊन पुन्हा बघितलं तर आकडा नऊशे रुपयांनी वर गेला होता.

“आता भाव कुठला धरायचा काका, चहाच्या आधीचा की नंतरचा?”

“आत्ताचा धरा.”

“आणि मी भांडुपच्या पत्रेवाल्याकडे पोचेपर्यंत पडला तर? तो तर रुपयेच मागणार. माझी पोरं शनिवारी पगार मागणार, त्यांना काय, फोन दाखवू?” त्यानं कप खाली ठेवला. “विकून टाका ना यार. रुपये आणा, सोमवारी माणसं पाठवतो.”

सोमवारी विकायला हरकत नव्हती. पण सोमवारी भाव एक लाख सत्तावन्न हजार झाला होता. समितीतला काशीराम, जो एरवी दहा रुपयांच्या अगरबत्तीवर वाद घालतो, तो म्हणाला, “थांब रे. पाणी शुद्ध करायचं मशीनपण निघेल यातून.” सीताराम थांबला. काशीरामनं सांगितलं म्हणून नव्हे. सकाळी उठून त्यानंही तेच मशीन मनात भिंतीवर लावून पाहिलं होतं. जो पैसा उद्या जास्त होणार आहे तो आज खर्च करणं मूर्खपणाचं वाटतं. आणि जो खर्च करवत नाही तो पैसा असतो की नुसती आशा, हे विचारायला तेव्हा कुणाला सवड नव्हती.

मग तो पडू लागला. एक पंचेचाळीस. एक अडतीस. सीताराम दाढी करताना फोन आरशापाशी ठेवू लागला. बसवर असताना त्याच्या झोळीतले पैसे दिवसभर वाढत गेले, पण कुठलंही नाणं झोळीत पडल्या पडल्या लहान झालं नव्हतं. आता त्याला विकायचं होतं आणि विकता येत नव्हतं. दीड लाख माइकवर गेलेत. सव्वा लाख हातात आले तर उरलेले कुठे गेले, असं कुणी विचारणार नाही. विचारणार नाहीत, पण मनात धरतील. पुढच्या वेळी त्याच्या हातून आलेले पैसे मोजून घेतील. तो फक्त दीड लाखाची वाट बघत राहिला. वाढ नको, मशीन नको, बोललेला आकडा परत यावा.

नोव्हेंबर सरत आला. आकडा एक लाख नऊ हजारांवर होता.

त्या दुपारी चेतना अभ्यासिकेत नव्हती. ती कमलच्या दुकानात सापडली, कपड्यांच्या गठ्ठ्यावर बसून, शिलाई मशीनच्या खडखडाटात ओठ हलवत रसायनशास्त्र पाठ करत होती.

“इथे कशी गं?”

“तिथे डोकं दुखतं, आजोबा. इथे आवाज आहे, पण श्वास घेता येतो.”

“काम होणारे आता. थोडं थांब.”

“परीक्षा थांबते का?” ती वर न बघता म्हणाली.

एक बाई उसवलेला ब्लाउज शिवून घेऊन गेली. फोनवरून पैसे आले की सांगणारा काउंटरवरचा डबा बोलला, वीस रुपये प्राप्त झाले. कमलनं पायानं मशीन थांबवलं.

“ऐकलंत दादा? हेपण फोनवरूनच आले. नोट मीही बघितली नाही. पण संध्याकाळी भाजीवालीकडे जाईन तेव्हा हे वीसच असतील. तुमचं ते वाढेपर्यंत हिची बारावी होईल, मग हिच्या पोरीची होईल.”

“मी माइकवर बोललोय, कमल.”

“मग माइक काय मोडलाय?”

सीताराम दुकानाच्या पायरीवर बसला. फोन काढला. विकण्याचं बटण हिरवं होतं आणि त्याला साहेब नव्हता. कुणी अडवणारं नव्हतं, म्हणजे कुणावर ढकलताही येणार नव्हतं. त्यानं बटण दाबलं. कर वगैरे कापून एक लाख सात हजार दाखवले. बँकेत जमा व्हायला दुसरा दिवस उजाडला. त्यानं बँकेचा मेसेज दोनदा वाचला आणि मगच मिथुनला फोन केला.

“विकलंत? काका, दोन-तीन महिने थांबायचं ना!”

“तेव्हा परीक्षा होऊन गेलेली असेल.”

मग मिथुन म्हणाला, “मी पण विकतो. दर महिन्याला, घरभाड्यासाठी. घरमालक रुपयेच मागतो. पडलेल्या भावात विकायची वेळ आली की कुणाला सांगत नाही, एवढंच.” लगेच त्यानं विचारलं, “कमी पडलेले त्रेचाळीस हजार मी रुपयांत भरू का?”

“पुढे देशील तर घेऊ. हा आकडा झाकायला नको.”

रविवारी वंदनेनंतर सीताराम माइकपाशी गेला. मिथुन मागे, चपलांच्या ढिगापाशी उभा होता.

“धम्मचक्र प्रवर्तन दिनाला मी दीड लाख वाचले होते. मिथुननं दिलं ते खरं, पण मी हातात यायच्या आधी वाचलं. नंतर लोभानं थांबलो. आज हातात आहेत एक लाख सात हजार. आकडा दुरुस्त करून घ्या.”

सतरंजीवर कुजबुज झाली. काशीराम उठला. “सीताराम, बाकीचे कुठे गेले रे?”

“कुठे गेले नाहीत. आलेच नव्हते.”

काशीराम तसाच उभा राहिला. मग त्याला बहुधा ते पाण्याचं मशीन आठवलं असावं, कारण तो खाली बसला. टाळ्या झाल्या नाहीत. जाताना दोघातिघांनी सीतारामकडे न बघता चपला घातल्या. ते त्याला दिसलं.

आतलं छत रद्द झालं. पत्रा आणि पंखे तेवढ्या पैशांत बसले. धवलभाईला पहिले पन्नास हजार दिले तेव्हा, इतक्या वर्षांत पहिल्यांदाच, समितीतल्या एकानं ते पुन्हा मोजले. सीताराम शेजारी उभा राहिला, मोजून होईपर्यंत.

जानेवारीत एका संध्याकाळी खाडीकडून वारा आला आणि खिडक्या लावल्या गेल्या. पंखे घरघरत होते. सीताराम कोपऱ्यात बसून, सवयीनं, फोनवर बिटकॉइनचा भाव बघत होता. आता त्यात त्याचं काहीच नव्हतं.

“आजोबा,” चेतना म्हणाली, “फोन ठेवा ना खाली. उजेड डोळ्यावर येतो.”

त्यानं फोन पालथा ठेवला.