पेटीचा डावा कोपरा

मेढ्याच्या आमच्या घरात मालिकेचं शूटिंग झालं, तेव्हा मी पंचावन्न वर्षांची होते. म्हणजे अक्कल यायला अजून अवकाश होता.

गोष्ट एका फौजीच्या आईची. मुलगा सीमेवर, आई वाट बघतेय. घर सजवायला आलेल्या पोरीनं माझ्या ठेवणीतल्या चादरी आणि प्लास्टिकची फुलं आत ठेवायला लावली आणि माळ्यावरून ह्यांची फौजेतली लोखंडी पेटी खाली काढली. गंजलेली, नाव-नंबर पुसट झालेला. ती दाराशी ठेवली. पहिल्या दिवशीच्या सीनमध्ये आईचं काम करणारी बाई पेटीवर नुसता हात फिरवत बसली.

मला मेलीला लाज वाटली. एवढं जग बघणार, आणि आमच्या दारात हे भंगार? संध्याकाळी मंडळी गेल्यावर काळा ऑइलपेंट आणून मी पेटी चकाचक केली. वर कौतुकाची वाट बघत झोपले.

सकाळी त्या पोरीनं पेटीवर बोट टेकवलं, ते काळं निघालं.

"काकू, आज मुलगा घरी येतो तो सीन आहे. गंज होता म्हणून तर आईनं वाट बघितलेली इतकी वर्षं दिसत होती. माझं पहिलंच काम आहे हो. डायरेक्टर सर मला आजच्या आज घरी पाठवतील."

थंडीचे दिवस, रंग अजून चिकट होता. मी रॉकेल काढलं, आणि दोघी काथ्या घेऊन घासायला बसलो. हे चहा पीत मजा बघत होते.

"माझी पाठ कवा येवढी घासली न्हाईस!"

"आवं, गप बसा. तुमच्या पाठीला गंज न्हाई, नुसता मळ हाय."

हळूहळू गंज वर आला, ह्यांचा नंबरही आला. डाव्या कोपऱ्याचा रंग तेवढा निघेना. काळा कुळकुळीत. तेवढ्यात सरांची गाडी दारात. पोरीनं ह्यांच्या खांद्यावरचा फौजी टॉवेल ओढला आणि कोपऱ्यावर टाकला.

"हा टॉवेल काल नव्हता," सर म्हणाले.

"मुलगा आलाय ना, सर. त्याचा आहे."

सरांनी कॅमेऱ्यातून एकदा बघितलं.

"राहू दे. छान आहे."

पोरीनं माझा हात असा दाबला की बांगडी पिचली.

तो भाग लागला तेव्हा अख्खी आळी आमच्याकडे जमली. सगळे माय-लेकांकडे बघत होते, मी डाव्या कोपऱ्याकडे. काळं काही दिसलं नाही. शेजारी जाऊबाई पदरानं डोळे पुसत म्हणाल्या, "त्यो टॉवेल बघून लय भरून आलं गं. लेकरू घरी आलं, पटलंच बघ."

मीही पदर तोंडाला लावला. हसू दिसू नये म्हणून.